आगरतळा कोलकात्यापासून किती दूर?

या प्रश्नाची निदान तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे ३१५ किलोमीटर भरते. मुंबईहून कोल्हापूर आकाशमार्गे जेवढे, तेवढेच. आगगाडीत बसून भारताच्या भूमीवरूनच जायचे ठरवले, तर हेच अंतर दीड हजार किलोमीटरांच्या वर जाते आणि प्रवासाला दीड दिवसाहून अधिक काळ लागतो. विमानाच्या वेळापत्रकात मात्र या प्रवासापुढे जेमतेम तासाभराचा आकडा लिहिलेला असतो. मुंबईकराला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनाला जाण्यासाठी थेट अंबाल्याइतके अंतर तोडावे लागले, तर त्याची काय अवस्था होईल, याची वाचकांनी कल्पना करावी. त्रिपुरातील माणूस ती कल्पना करत नाही. तो पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ती जगत आला आहे.

माझी स्वतःची या अंतराशी पहिली गाठ पडली ती १९९६ साली. पत्रकारितेत नवखा होतो आणि पूर्वांचलाविषयी लिहायचे तर तेथवर जमिनीवरून गेले पाहिजे, असा एक हट्ट डोक्यात होता. मुंबईहून हावडा, हावड्याहून गुवाहाटी, तेथून लामडिंग आणि लामडिंगहून पुढे मीटर गेजची ती चिमुकली गाडी. बराईल डोंगररांगांतील सदतीस बोगद्यांमधून धापा टाकत ती बदरपूरला उतरली आणि करीमगंज, धर्मनगर करीत कुमारघाटला जाऊन थांबली. लोहमार्ग तेव्हा तेथेच संपत असे. पुढचा प्रवास बसचा, आणि तोही एकट्याने करण्याची सोय नव्हती. अतिरेक्यांच्या भयाने सर्व वाहने ठरावीक ठिकाणी जमा होत, पुढे-मागे सुरक्षा दलांच्या गाड्या लागत आणि मग तो तांडा आठारमुडाचा डोंगर ओलांडी. मी सहाव्या दिवशी आगरतळ्यात पोहोचलो. हट्ट पुरता फिटला होता, म्हणून परतीला विमान घेतले.

त्या परतीच्या उड्डाणात माझ्या शेजारी खिडकीपाशी एक निवृत्त शाळामास्तर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पत्नीच्या तपासण्यांचे कागद आणि क्ष-किरणांची मोठी पाकिटे. पत्नी आधीच कोलकात्याच्या रुग्णालयात दाखल होती. विमान धावपट्टी सोडून वर उठले तसे त्यांनी कपाळ काचेला टेकवले. दोन-तीन मिनिटे गेली असतील. मग माझ्याकडे वळून बंगाली मिसळलेल्या हिंदीत ते म्हणाले, "आत्ता गेलं ते माझं गाव." मला आधी उमगलेच नाही. खाली तितास नदीची वळणे चमकत होती. तो ब्राह्मणबाडियाचा परिसर होता. १९५०च्या दंगलींत बारा वर्षांचा हा मुलगा आईचा हात धरून तेथून निघाला आणि एका रात्रीत आगरतळ्याला आला. त्यानंतर तो त्या गावी कधी गेला नाही. मात्र आजारपणे, लग्नकार्ये आणि सरकारी कामे यांच्या निमित्ताने विमानातून दहा-बारा वेळा गावावरून गेला होता. "प्रत्येक वेळी डाव्या बाजूची की उजव्या बाजूची खिडकी मागायची, ते आता मला बरोबर कळतं," असे ते अगदी व्यवहाराच्या सुरात म्हणाले आणि पुन्हा कागदांची पिशवी नीट करू लागले. पुढे मेघना आली, पद्मा आली, जेसोर मागे पडले. चहाचा कप रिकामा होतो न होतो तोच विमान दमदमच्या दिशेने उतरू लागले.

हे अंतर असे लांबले कसे, याचा इतिहास पुष्कळांना ठाऊक नसतो. फाळणीपूर्वी आगरतळ्याचे रेल्वे स्थानक म्हणजे शहराच्या पश्चिमेला चार पावलांवर असलेले अखौरा. सियालदहहून गाडीने ग्वालंदोपर्यंत, तेथून आगबोटीने पद्मा-मेघनेच्या पात्रातून चांदपूर, आणि पुन्हा गाडीने अखौरा, असा तो नित्याचा मार्ग होता. १७ ऑगस्ट १९४७ रोजी रॅडक्लिफ यांची रेषा जाहीर झाली आणि अखौरा परदेशात गेले. त्रिपुरा संस्थान स्वतः फाळले गेले नाही, पण तीन बाजूंनी परराष्ट्राने वेढले गेले. आज या छोट्या राज्याची ८५६ किलोमीटर सीमा बांगलादेशाला लागून आहे. उरलेल्या तोकड्या बाजूने ते आसाम आणि मिझोरमला चिकटलेले आहे. महाराजा वीर विक्रम किशोर माणिक्य फाळणीच्या तीन महिने आधीच, मे १९४७ मध्ये निवर्तले होते. वारस अज्ञान. अशा स्थितीत महाराणी कांचनप्रभा देवींनी राज्य सांभाळले, विलीनीकरणाच्या करारावर स्वाक्षरी केली आणि १५ ऑक्टोबर १९४९ रोजी त्रिपुरा भारतात विधिवत सामील झाले. एका विधवा राणीने चारी बाजूंनी कोंडी झालेली असताना घेतलेला हा निर्णय आपल्या शालेय पुस्तकांत फारसा आढळत नाही, हे येथे सहज नमूद करून ठेवतो.

महाराजांनी मागे ठेवलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे सिंगारबिलचा विमानतळ. १९४२ साली त्यांनी तो बांधवला. महायुद्धात अमेरिकी मालवाहू विमाने तेथून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जात. युद्ध संपल्यावर अशा कित्येक धावपट्ट्या देशभर ओसाड पडल्या, त्यांवर गुरे चरू लागली. सिंगारबिलचे तसे झाले नाही, कारण फाळणीने त्या धावपट्टीला राज्याची श्वासनलिका बनवले. डाकोटा विमानांच्या त्या काळापासून आजवर आगरतळा जगाशी वेगाने जोडलेले राहिले ते या एका पट्टीमुळे. २०१८ मध्ये विमानतळाला महाराजांचे नाव देण्यात आले आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथील नव्या, सुमारे साडेचारशे कोटी रुपये खर्चाच्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. इमारत देखणी आहे. सीमेचे कुंपण तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

जमिनीवरचा मार्ग मात्र फार सावकाश पुढे सरकला. उर्वरित देशाशी आसाम जोडण्यासाठी सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून नवा लोहमार्ग टाकावा लागला. कर्नैल सिंग या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली अवघ्या दोन वर्षांत, पूर आणि हिवताप यांच्याशी झुंजत तो पूर्ण झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, प्रवाशांसाठी खुला झाला. ही पट्टी सर्वांत अरुंद जागी अवघी वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे. पूर्व पाकिस्तानातून काही काळ चालू राहिलेली रेल्वे आणि जलवाहतूक १९६५च्या युद्धाने तोडून टाकली. त्रिपुराच्या सीमेआड रेल्वे १९६४ साली आली, कुमारघाटला १९९०मध्ये, आणि राजधानी आगरतळ्याला २००८ साली. स्वातंत्र्यानंतर एकसष्ट वर्षांनी! ब्रॉडगेजची गाडी यायला २०१६ उजाडले. दक्षिणेच्या टोकाला सबरूमपर्यंत ती २०१९ साली गेली. या शेवटच्या टप्प्याचा वेग पहिल्या सहा दशकांच्या तुलनेत किती निराळा आहे, हे सांगायला आकडेशास्त्रज्ञ नको.

आता विमानाच्या त्या तासाकडे वळू. कारण त्यातही एक गंमत आहे. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने जाते. या हिशेबाने ३१५ किलोमीटर कापायला चोवीस मिनिटे पुरावीत. मग वेळापत्रकात तास का? विमान कंपन्यांची वेळ मोजण्याची रीत अशी की, उभ्या विमानाच्या चाकांखालची ठोकळी काढली की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला ती पुन्हा लावली की थांबते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, पाळीची वाट पाहणे, उंची गाठणे, उतरणीचा मार्ग धरणे, गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. लांबच्या प्रवासात हा वरखर्च जाणवत नाही. जवळच्या प्रवासात मात्र मुद्दलापेक्षा तोच जड होतो. विमानाने सर्वाधिक वेग गाठावा आणि लगेच उतरणीला लागावे, अशी ही उड्डाणे असतात. इंधन सर्वांत जास्त जळते ते वर चढताना. म्हणून किलोमीटरमागे हिशेब केला तर छोटे उड्डाण नेहमी महाग पडते, कंपनीलाही आणि प्रवाशालाही.

जाण्याचा आणि येण्याचा वेळही सारखा नसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा प्रवाह वाहतो. दिल्लीहून गुवाहाटीला जाणाऱ्या विमानाला तो पाठीवर थाप देतो, परतणाऱ्याला छातीवर हात लावून अडवतो. इंफाळ आणि शिलाँग यांच्यामध्ये ३ ऑगस्ट २०२१ रोजी 'उडान' योजनेखाली पहिले थेट विमान सुरू झाले, तेव्हा जाहीर झालेल्या वेळा मोठ्या बोलक्या होत्या. इंफाळहून शिलाँगला साठ मिनिटे, शिलाँगहून इंफाळला पंचाहत्तर. दोन राजधान्यांमधील आकाशमार्ग सव्वादोनशे किलोमीटरांच्याही आत. तोवर तेथील माणूस एक तर बारा तास रस्त्याने जाई, किंवा गुवाहाटीपर्यंत विमानाने जाऊन तेथून बसने शिलाँगचा घाट चढे. शेजारच्या राज्यात जाण्यासाठी एक दिवस मोडणे हे पूर्वांचलात अगदी स्वाभाविक मानले जाई. मिझोरममधील लेंगपुई विमानतळ आणि इंफाळ यांच्यात सरळ रेषेने सुमारे १६५ किलोमीटर अंतर आहे. पुण्याहून मुंबईला जाऊन थोडे पुढे सरकावे, इतकेच. पण मध्ये डोंगरांच्या अशा भिंती आहेत की, सरळ रेषा ही तेथे फक्त पक्ष्यांच्या आणि विमानांच्या मालकीची असते.

विमानांच्याही मालकीची ती नेहमी असतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे, हे १९४४च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम आहे. आकाशाला कुंपण नसते, ही कवींची समजूत. जानेवारी १९७१मध्ये आपले 'गंगा' विमान लाहोरला पळवून नेऊन जाळण्यात आले, तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची ते ढाका हे एकाच देशातील दोन शहरांमधील अंतर त्या एका निर्णयाने सुमारे दुप्पट झाले, कारण विमानांना श्रीलंकेला वळसा घालून जावे लागे. पश्चिम पाकिस्तानातून पूर्वेकडे सैन्य आणि सामग्री नेणे त्यामुळे किती अवघड झाले, ते पुढे डिसेंबरात जगाने पाहिले. याच्या उलट अनुभव आपणही घेतला आहे. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी श्रीनगर-शारजा थेट विमानसेवा सुरू झाली. काश्मीरची फळे, केशर आणि गालिचे आखाती बाजारात पोहोचावेत हा हेतू. आठवड्या-दीड आठवड्यातच पाकिस्तानने आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली आणि विमानाला गुजरातकडून तासाभराचा जादा फेरा घ्यावा लागला. २००९ मध्ये सुरू झालेल्या श्रीनगर-दुबई सेवेचेही असेच झाले होते. काश्मिरी जनतेच्या कळवळ्याची भाषा रोज बोलणाऱ्यांनी काश्मिरी माणसाचा एक तास दोनदा हिरावून घेतला.

आगरतळा-कोलकाता उड्डाणे मात्र आजवर बांगलादेशाच्या आकाशातूनच होत आली आहेत, आणि ढाक्यात सरकार कोणतेही असो, तो मार्ग खुला राहिला, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. जमिनीवरील मार्गांचे भाग्य तसे नाही. २०१५ मध्ये कोलकाता-ढाका-आगरतळा बस सुरू झाली, तेव्हा साडेसोळाशे किलोमीटरांचा रस्ता पाचशेवर आला. ९ मार्च २०२१ रोजी फेणी नदीवरील मैत्री सेतूचे उद्घाटन झाले. तेथून चितगाव बंदर अवघे ऐंशी किलोमीटर. १ नोव्हेंबर २०२३ रोजी आगरतळा-अखौरा हा सव्वाबारा किलोमीटरांचा लोहमार्ग दोन्ही पंतप्रधानांनी खुला केला. १९४७ मध्ये तुटलेला धागा पुन्हा जुळला, असे त्या दिवशी वाटले होते. त्यावरून नियमित प्रवासी वाहतूक सुरू होण्यापूर्वीच ५ ऑगस्ट २०२४ रोजी ढाक्यात सत्तांतर झाले आणि कोलकाता-ढाका 'मैत्री एक्सप्रेस'सुद्धा त्याआधी जुलैतच थांबली होती. शेजाऱ्याच्या अंगणातून जाणारी वाट जवळची असते, पण तिच्या फाटकाची किल्ली त्याच्या खिशात असते. म्हणून ती वाट बांधूच नये असे मी म्हणत नाही, बांधावी, वापरावी. मात्र राज्यातील चाळीस लाख लोकांची सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

आपल्या भूमीवरची वाट निर्धोक आहे, असेही नाही. मे २०२२ मध्ये दिमा हसाओच्या डोंगरांत अशी अतिवृष्टी झाली की, न्यू हाफलाँग स्थानक चिखलाच्या लोंढ्याखाली गेले. उभी गाडी आडवी झालेली ती छायाचित्रे वाचकांना आठवत असतील. अडकलेल्या प्रवाशांना काढण्यासाठी वायुदलाची मदत घ्यावी लागली आणि बराक खोरे, त्रिपुरा, मिझोरम आणि मणिपूरचा काही भाग रेल्वेने कित्येक आठवडे तुटला. त्याच दिवसांत विमानाची भाडी कोठल्या कोठे गेली. रस्ता बंद, रेल्वे बंद, म्हणजे गिऱ्हाईक हातात सापडले, हा बाजाराचा न्याय. अखेर आसाम शासनाने हस्तक्षेप करून सिलचर-गुवाहाटी प्रवासासाठी तीन हजार रुपये भाड्याची व्यवस्था केली. आपत्ती आली की शासन भाडे ठरवू शकते, हे त्यातून दिसले. माझा प्रश्न असा की, पावसाळा ही तेथे आपत्ती आहे की दरवर्षीचा ऋतू?

दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांतून यावर एक ठरलेले उत्तर येते. विमानप्रवास ही चैन आहे, चैनीला अनुदान कशाला? हे उत्तर देणारे बहुधा आगरतळा आसामात आहे असे समजणाऱ्यांपैकी असतात (माझ्या व्यवसायातही असे महाभाग आहेत). त्यांनी आपल्या एस.टी.चा विचार करावा. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून 'जेथे रस्ता तेथे एस.टी.' हे ब्रीद घेऊन ती दुर्गम वाड्या-वस्त्यांवर जात आली आहे. मेळघाटातल्या मुक्कामी गाडीला नफा किती होतो, असे कोणी विचारत नाही. विचारू नये, हेच लोककल्याणकारी राज्याचे लक्षण होय. आगरतळ्याचे विमान ही त्रिपुराची मुक्कामाची एस.टी. आहे. तीत बसणारे बहुसंख्य प्रवासी चाचणी अहवाल घेऊन निघालेले रुग्ण, परीक्षेला चाललेली मुले, सुटीवर येणारे जवान आणि दुकानाचा माल बघायला निघालेले व्यापारी असतात.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९९४ पासून विमान कंपन्यांना असा दंडक आहे की, मुख्य महानगरी मार्गांवर त्या जेवढी क्षमता चालवतात, तिच्या निदान दहा टक्के क्षमता त्यांनी पूर्वांचल, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप अशा मार्गांवर चालवावी. हा दंडक नसता तर कित्येक विमानतळांवर आज कुत्री झोपली असती. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या 'उडान' योजनेने तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये, असे भाडे निम्म्या जागांसाठी बांधून दिले. पण या दोन्ही उपायांत एकेक भोक आहे. दहा टक्क्यांचा नियम विमान किती उडवायचे ते सांगतो, तिकीट कितीला विकायचे ते सांगत नाही. आणि 'उडान' आहे ती ज्या विमानतळांवर सेवा नव्हती वा नाममात्र होती, त्यांच्यासाठी. कोलकाता-आगरतळा मार्गावर रोज अनेक विमाने असल्याने तो त्या सवलतीच्या कक्षेतच बसत नाही. म्हणजे ज्या मार्गाची लोकांना सर्वांत जास्त निकड, तोच मोकळ्या बाजारावर सोडलेला!

'उडान'च्या मार्गांचे तरी काय झाले, ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये सांगितले आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतील ३७१ सुरू झाले. तीन वर्षांची अनुदानाची मुदत पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकून होते अवघे ५४. योजना वाईट होती असा याचा अर्थ नव्हे. तीन वर्षांत प्रत्येक मार्ग आपल्या पायावर उभा राहील, हे गृहीतच सपाटीवरच्या शहरांना पाहून धरलेले आहे. डोंगरातल्या चाळीस-सत्तर आसनांच्या विमानाला ते कसे लागू पडावे? शिलाँगची धावपट्टी आखूड, त्यामुळे मोठे विमान तेथे उतरत नाही. विमान छोटे म्हणून आसनामागे खर्च जास्त. खर्च जास्त म्हणून भाडे जास्त. भाडे जास्त म्हणून प्रवासी कमी. हे चक्र तीन वर्षांच्या अनुदानाने तुटत नाही.

भाड्याला मर्यादा घालणे म्हणजे समाजवादी काळाकडे परत जाणे, असा आक्षेप घेतला जाईल. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर विमाने पुन्हा उडू लागली, तेव्हा शासनाने उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट पाडून किमान व कमाल भाडे ठरवून दिले होते. ते ऑगस्ट २०२२ च्या अखेरीपर्यंत चालले आणि त्यामुळे आभाळ कोसळले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची विमाने मोठ्या संख्येने रद्द झाली आणि भाडी बेफाम वाढली, तेव्हा पुन्हा कमाल मर्यादा आली. या वेळी अंतरानुसार. पाचशे किलोमीटरांपर्यंत साडेसात हजार रुपये. म्हणजे अधिकार आहे, यंत्रणा आहे, अनुभवही आहे. महानगरातला प्रवासी विमानतळावर आरडाओरडा करतो तेव्हा ती जागी होते. त्रिपुरातला रुग्ण आरडाओरडा करत नाही. तो दागिना मोडून तिकीट काढतो.

आणि ३१५ किलोमीटरांना साडेसात हजार ही मर्यादा म्हणजे त्या रुग्णाला दिलासा नव्हे. तेव्हा ज्या मार्गांना जमिनीवरचा पर्याय आकाशमार्गाच्या चौपट-पाचपट लांब आहे, असे मार्ग वेगळे काढावेत. आगरतळा, ऐजॉल, इंफाळ, सिलचर, पोर्ट ब्लेअर, लेह, आगत्ती अशी ही यादी काही फार लांबणारी नाही. त्या मार्गांवर प्रत्येक उड्डाणात काही जागा रुग्ण आणि सोबत्यासाठी ठरावीक भाड्यात ठेवाव्यात आणि फरक केंद्राने सोसावा, कायमचा, तीन वर्षांपुरता नव्हे. पूर्वांचलातील राजधान्या एकमेकींना जोडणारी छोटी विमाने हा राष्ट्रीय महामार्गाचाच एक प्रकार मानून त्यांचा खर्च त्याच खात्यावर टाकावा. महामार्गाच्या प्रत्येक मैलाला नफा कोठे होतो?

एक गोष्ट मात्र कोणतेही अनुदान देऊ शकत नाही. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले. त्यानंतर चुराचांदपूरच्या कुकी माणसाला साठ-पासष्ट किलोमीटरांवरचा इंफाळ विमानतळ दुरावला. मध्ये मैतेई वस्तीचे खोरे आहे आणि ते ओलांडण्याचे धैर्य त्याला होत नाही. तो डोंगरांतील तीनशे किलोमीटरांहून लांब रस्त्याने ऐजॉलला जातो आणि तेथून विमान पकडतो. मैतेई माणसालाही डोंगरातून जाणारे महामार्ग तसेच बंद झाले, म्हणून त्याचे जगही विमानतळापुरते उरले. ही रेषा कोणा रॅडक्लिफने आखलेली नाही. ती आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी एकमेकांमध्ये ओढली. फाळणीची आठवण काढताना हिच्याकडे डोळेझाक करणे मला जमत नाही.

आगरतळ्याला मी अलीकडे पुन्हा जाऊन आलो. मास्तरांचा पत्ता माझ्याजवळ कधीच नव्हता. मुक्काम बटतला भागात होता. संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर चार-पाच जण बसत. त्यांच्यात रोज एक प्रश्न होई, "आज कोलकाता कितीला?" मला वाटले बटाट्याचा किंवा सोन्याचा कोलकात्याचा भाव विचारीत असतील. दुकानदार मोबाइल काढी आणि उद्याच्या, परवाच्या, आठवड्यानंतरच्या विमानाचे भाडे वाचून दाखवी. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने आकडा वाचला तेव्हा बाकावरच्या एका गृहस्थाने मान हलवली, खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी काढून तारीख पाहिली आणि विचारले, "गुरुवारचं बघ ना जरा."